शोमरोनी दुसऱ्या दिवशी निघाला

(वाचावयाचा शास्त्रभाग : लूक १०:२५-३७, १ राजे १९:१-१८)

यरुशलेमहून यरीहोस उतरणाऱ्या वाटेवर लुटारूंच्या हाती सापडलेल्या मनुष्याचा दाखला ठाऊक नाही असे घर आमच्या मंडळ्यांत सापडणे कठीण. शब्बाथशाळेतील लहान मुलेही याजक, लेवी आणि शोमरोनी यांची सोंगे घेऊन तो नाताळच्या कार्यक्रमात करून दाखवितात. उपदेशकही वर्षातून एकदोनदा या दाखल्यावर बोलतातच. आम्ही स्वतः किती वेळा बोललो असू याची गणती नाही. परंतु आजवर आमचे सारे बोलणे एकाच गोष्टीपाशी येऊन संपत असे. ती ही की, शोमरोनी थांबला. दोघे बाजूने निघून गेले, हा थांबला. तेव्हा तुम्हीही थांबा. हा उपदेश खरा आहे, आणि त्यातील एक अक्षरही आम्हांस मागे घ्यावयाचे नाही. पण त्याच दाखल्यात पुढे आणखी एक गोष्ट सांगितली आहे. तिच्याकडे आमचे लक्ष एका परिचारिकेच्या बोलण्याने गेले. ती गोष्ट ही की, दुसऱ्या दिवशी शोमरोनी निघाला.

ती हकीकत प्रथम सांगितली पाहिजे. कारण तीत आमचा दोष आहे, आणि दोष कबूल केल्यावाचून उपदेश करू नये.

आमच्या ओळखीच्या एका खेड्यातील मंडळीची एक भगिनी जवळच्या शहरात एका इस्पितळात परिचारिका आहे. बाळंतिणींच्या वॉर्डात तिची नेमणूक असते. उपासनेस ती नियमाने येई, गीत चुकले तर सावरून घेई, आणि थाळीत दान टाकताना मागेपुढे पाहत नसे. ती लागोपाठ तीन रविवार दिसली नाही. मंडळीत कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणाले, पगार वाढला, आता देवाची गरज कशाला राहील? कोणी सांगितले, आम्ही तिला दिवसाढवळ्या अकरा वाजता दार लावून निजलेली पाहिली. तिसऱ्या रविवारी आम्ही तेथे उपदेशास उभे होतो. आम्ही काही विचारपूस न करता प्रभूचा दिवस न पाळणाऱ्यांविषयी कठोर बोललो. नाव घेतले नाही. परंतु खेड्यातील मंडळीत नाव न घेतल्याने कोणाचे नाव झाकत नसते.

त्याच आठवड्यात दुपारी आम्ही तिच्या घरी गेलो. सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडीत बसल्या होत्या. सून निजली आहे काय, असे विचारता त्या म्हणाल्या, “निजलीय म्हणता येत नाही, पाळकसाहेब, अन् जागी आहे असंही म्हणता येत नाही.” थोड्या वेळाने ती भगिनी बाहेर आली. डोळे तांबडे झाले होते. आम्ही उपासनेची गोष्ट काढली. ती रागावली नाही. तिने सांगितले ते असे.

तीन आठवड्यांपूर्वी तिची रात्रपाळी होती. एका तरुण बाईचे बाळंतपण नीट झाले, मूल रडले, आणि त्यानंतर बाईचा रक्तस्राव थांबेना. डॉक्टर धावले, औषधे दिली, रक्त चढविले. करावयाचे ते सारे करण्यात आले. पहाटे ती बाई गेली. मूल वाचले. त्या वेळी वॉर्डात इतर पंचवीसएक खाटा भरलेल्या होत्या, आणि त्यांचीही औषधांची वेळ झाली होती. तेव्हा ही भगिनी डोळे पुसून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जात राहिली. आठ वाजता दिवसपाळीची परिचारिका आली.

“चार्ज दिला, पाळकसाहेब,” ती म्हणाली. “वही दिली, किल्ल्या दिल्या, खाटेखाटेवरून फिरून सगळं सांगितलं. पण ती बाई मी कुणाच्या हवाली केली नाही. ती माझ्याबरोबर एस.टी.त बसून घरी आली. डोळा मिटला की सलाईनची नळी दिसते. जरा झोप लागली, तर दचकून वाटतं, मला झोप लागतेच कशी? तुम्ही नेहमी म्हणता, शोमरोन्यासारखं थांबा. मी थांबलेच आहे. मला निघता येत नाही.”

आम्ही उत्तर न देता उठलो. उत्तर आमच्याजवळ नव्हते. रात्री घरी येऊन आम्ही लूककृत शुभवर्तमान पुन्हा उघडले. आणि इतकी वर्षे ज्या ओवीवरून आमची नजर सरकून जात होती, तिच्यावर ती थांबली.

वाचकांनी तो भाग समोर ठेवून पाहावा. शोमरोन्याने त्या मनुष्याच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधल्या, त्यास आपल्या जनावरावर बसविले, उतारशाळेत आणले, आणि तेथे त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवसाचा उल्लेख यानंतर येतो, म्हणजे मध्ये एक रात्र गेली आहे. ती रात्र शोमरोन्याने एका जखमी परक्याच्या उशाशी काढली असावी असे समजण्यास काही हरकत नाही. ती त्याची रात्रपाळीच म्हणावयाची. सकाळी त्याने दोन दिनार काढले. दिनार म्हणजे द्राक्षमळ्यातील मजुराची एका दिवसाची मजुरी, हे मत्तयाच्या विसाव्या अध्यायावरून कळते. तेव्हा त्याने दोन दिवसांच्या कमाईइतके पैसे उतारशाळेच्या मालकापाशी दिले, याची काळजी घ्या म्हणून सांगितले, अधिक खर्च झाल्यास परत येताना तो फेडण्याचे वचन दिले, आणि तो आपल्या वाटेने गेला.

तो जखमी बरा झाल्यावर शोमरोनी गेला असे तेथे लिहिलेले नाही. कदाचित तो अजून कण्हत असेल. कदाचित त्यास ओळखही पटत नसेल. तरीही शोमरोनी निघाला, आणि प्रभूने त्यास निष्ठुर म्हटले नाही. उलट, ज्याने दया केली तोच शेजारी, हे उत्तर प्रभूने मान्य केले, आणि तू जाऊन तसेच कर अशी त्या शास्त्र्यास आज्ञा दिली. तेव्हा थांबणे ही जशी शोमरोन्याची दया आहे, तसेच नीट सोपवून निघणे हाही त्याच दयेचा भाग आहे. तो निघाला नसता तर त्याचे स्वतःचे काम बुडाले असते, जनावर उपाशी राहिले असते, आणि पुढच्या वळणावर दुसरा कोणी पडलेला असता तर त्यास उचलणारे कोणी उरले नसते.

इस्पितळात ज्यास ‘चार्ज देणे’ म्हणतात ते यापेक्षा निराळे नव्हे. पाळी बदलताना जाणारी परिचारिका व येणारी परिचारिका दोघी मिळून खाटेखाटेपाशी जातात. कोणास कोणते औषध किती वाजता दिले, कोणाचा ताप चढला, कोणाची लघवी किती झाली, कोणावर विशेष नजर ठेवावयाची, हे सांगून होते, वहीत लिहून होते, आणि मगच जाणारीचे काम संपते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या बाईंनी १८६० सालच्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकाचे तिसरे प्रकरण याच विषयास दिले आहे. त्यांच्या म्हणण्याचा भाव असा की, आपण हजर असताना जे करतो ते आपण नसतानाही होत राहील अशी व्यवस्था जिने केली नाही, तिची बाकीची सारी शुश्रूषा वाया जाऊ शकते. ‘माझ्यावाचून चालणार नाही’ हा परिचारिकेचा मोठेपणा नव्हे. माझ्यामागूनही नीट चालेल, हा तिचा मोठेपणा होय. आणि याच बाईंच्या आयुष्यात दुसराही एक धडा आहे. १८५४ साली त्या स्कुटारी येथील लष्करी इस्पितळात गेल्या, १८५५ साली क्रिमियात तापाने मरणोन्मुख झाल्या, आणि १८५६ साली मायदेशी परतल्यावर पुढील कित्येक वर्षे त्यांनी दुखण्याने बहुतेक अंथरुणावरच काढली. लेखणी त्यांनी तेथूनही खाली ठेवली नाही, हे खरे. परंतु जगास शुश्रूषा शिकविणारीचेही शरीर मातीचेच होते, हेही तितकेच खरे.

येथे कोणी विचारील, वही व किल्ल्या सोपविता येतात, पण जी बाई मेली तिचा चार्ज कोणास द्यावा? तिच्यासाठी दिवसपाळीच्या वहीत रकाना नसतो. प्रश्न खरा आहे, आणि त्या भगिनीचे दुखणे नेमके येथेच होते.

उत्पत्तीच्या पस्तिसाव्या अध्यायात याकोबाची बायको राहेल एफ्राथच्या वाटेवर प्रसूत होते. वेदना अतिशय कठीण होतात, आणि तिच्याजवळ असलेली सुईण तिला भिऊ नको म्हणून धीर देते. मुलगा जन्मतो, तोच बन्यामीन. आणि राहेल मरते. त्या सुईणीचे नाव शास्त्रात नाही. राहेलीस पुरल्यावर ती कोठे गेली, त्या रात्री तिचा डोळा लागला की नाही, हेही नाही. परंतु मरणाऱ्या बाईच्या उशाशी ती जे बोलली ते देवाने आपल्या पुस्तकात लिहून ठेवविले. राहेल वाचली नाही म्हणून सुईणीचे धीराचे शब्द व्यर्थ गेले असे देवाने मानले नाही. भगिनींनो, तुमच्या हातांत जी वाचली नाही तिच्यासाठी तुम्ही जे केले, तेही त्याच्यापाशी लिहिलेले आहे. जिचा चार्ज कोणास देता येत नाही तिचा चार्ज घेणारा एकच आहे, आणि स्तोत्रकर्त्याच्या साक्षीप्रमाणे त्या राखणदारास झोप नाही की पेंग नाही. त्याची पाळी कधी बदलत नाही, म्हणूनच आपली बदलू शकते. तो जागा आहे, म्हणून आपण निजावे. झोप हा विश्वासघात नसून विश्वास आहे.

आता एलीयाकडे वळू. कर्मेल डोंगरावर दिवसभर देवाचे मोठे काम केलेला हा संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने पळत सुटतो, रानात एका झुडपाखाली बसतो, आणि आता पुरे झाले, माझा प्राण घे, मी आपल्या वाडवडिलांहून चांगला नाही, असे देवाजवळ मागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामाच्या दीर्घ ताणातून येणाऱ्या थकव्याची तीन लक्षणे नमूद केली : शक्ती संपून जाणे, आपल्याच कामाविषयी मन विटणे किंवा दुरावणे, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. ती तिन्ही एलीयाच्या ठायी दिसतात. त्या संघटनेने यास रोग म्हटले नाही. कामाच्या जागी साचलेल्या व न आवरलेल्या ताणाचा हा परिणाम आहे, असे म्हटले. म्हणजे जी थकली तीच दुबळी, असा निकाल देण्याचा अधिकार आपणांस नाही.

आणि देवाने एलीयाला काय केले? त्याने त्याचा अविश्वास काढून दाखविला नाही. प्रार्थनेत कमी पडलास असेही म्हटले नाही. प्रथम त्याने त्यास निजू दिले. मग दूताकरवी उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी दिले. एलीया जेवला आणि पुन्हा निजला, तरी दूताने त्यास आळशी म्हटले नाही. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा जेवू घातले, कारण वाट त्याच्या शक्तीबाहेरची होती. झोप आणि भाकर, हे देवाचे पहिले औषध. त्यानंतर होरेब डोंगरावर देवाने त्यास येथे काय करितोस असे विचारिले, आणि त्याचे गाऱ्हाणे दोनदा ऐकून घेतले. दोन्ही वेळा एलीया तेच बोलला, तरी देव कंटाळला नाही. ऐकून घेणे, हे दुसरे औषध. शेवटी देवाने त्यास अलीशा हा जोडीदार दिला, आणि मी एकटा उरलो म्हणणाऱ्या त्या मनुष्यास सांगितले की सात हजार उरलेले आहेत. जोडीदार, हे तिसरे औषध. यांचा क्रमही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आम्ही बहुधा उलट करितो. दमून आलेल्यास आधी उपदेश वाढतो आणि भाकर मागाहून.

हे सर्व आमच्या घरांत कसे उतरावे, याविषयी आता साधेपणाने लिहितो.

प्रथम परिचारिका भगिनींस. चार्ज देताना घाई करू नका. जे नीट सांगून झाले ते मनात कमी टोचते. इस्पितळाच्या फाटकापाशी क्षणभर उभ्या राहून ज्यांची काळजी वाटते त्या एकेकीस मनातल्या मनात प्रभूच्या हवाली करा, आणि मग पाऊल बाहेर टाका. घरी आल्यावर कामाचे कपडे बदला, स्नान करा, थोडे खा. रात्रपाळीनंतर सकाळचे ऊन डोळ्यांवर पडले की शरीर दिवस उजाडला असे समजते. शरीरातील या घड्याळाची घडण शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांस २०१७ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. यास्तव निजण्याची खोली अंधारी करा. पाळीच्या अखेरच्या तासांत चहा टाळा. त्यातील उत्तेजक द्रव्य निम्म्याने कमी होण्यासच पाचसहा तास लागू शकतात. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. रात्र जागून दुचाकी चालवू नका. डुलकी सांगून येत नाही. मनात साचलेले एखाद्या वडीलधाऱ्या परिचारिकेपाशी बोला, मात्र रोग्याचे नाव व घरची गोष्ट कोठेही उघड करू नका. लगेच झोप न आली तर तो पापाचा पुरावा समजू नका; नुसते पडून राहणे हाही विसावा आहे. आणि आठवडेच्या आठवडे झोप नसेल, काम नकोसे होईल, किंवा एलीयाप्रमाणे मरण मागावेसे वाटेल, तर ते लपवू नका, डॉक्टरांकडे जा. सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ नावाची दूरध्वनी सेवा चालू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते. देवाने एलीयाकडे दूत पाठविला. आपल्याकडे तो डॉक्टरच्या रूपाने आला तर त्यास परत पाठवू नये.

आता घरच्या मंडळींस. आपली सून किंवा लेक आठ वाजता दारात आली म्हणजे तिचा दिवस सुरू होत नसून संपत असतो. तिने येताच धुणे, पाणी व स्वयंपाक उरकावा, आणि मग जमल्यास निजावे, असा पुष्कळ घरांचा रिवाज आहे. नवरा रात्रपाळी करून आला असता त्याच घरात पोरांस गप्प बसविले जाते. बायको आली असता तिच्या हाती केरसुणी दिली जाते. हा न्याय कोणत्या शास्त्रात आहे? आल्याबरोबर काय झाले, कोण मेले, असे प्रश्नही विचारू नका. गरम पाणी व भाकर पुढे ठेवा. तिला बोलावेसे वाटले तर ऐका. उत्तर दिलेच पाहिजे असे नाही.

शेवटी मंडळीस. आमच्या खेड्यांतील मुलींनी हा पेशा पत्करिला तेव्हा परक्यांचे मलमूत्र काढणे हे इतर घरांस कमीपणाचे वाटे. मिरज येथे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इस्पितळ उघडले. असल्या इस्पितळांच्या वॉर्डांतून आमच्या कितीतरी आज्या व मावश्या वावरल्या. या परंपरेचा आम्ही अभिमान सांगतो. पण अभिमान सांगणे सोपे आहे. २२ मार्च २०२० रोजी, रविवारी सायंकाळी पाच वाजता, सर्व देशाने दारात उभे राहून डॉक्टर व परिचारिका यांच्यासाठी टाळ्या व थाळ्या वाजविल्या. आणि त्याच दिवसांत कित्येक ठिकाणी घरमालकांनी त्यांस रोगाच्या भीतीने खोली सोडावयास सांगितले. टाळी वाजविण्यास एक क्षण लागतो, उतारशाळा चालविण्यास रोजचे कष्ट पडतात. शोमरोन्यास निघता आले, कारण तेथे चार्ज घेणारा कोणी होता. जेथे एकीच्या गळ्यात दोघीतिघींच्या खाटा पडतात, पुढची पाळी आलीच नाही म्हणून हिलाच थांबविले जाते, तेथे नुसता विसाव्याचा उपदेश म्हणजे जखमेवर कोरडी पट्टी. पुरेशा परिचारिका नेमा असे जे चालकांजवळ व सरकाराजवळ मागतात त्यांच्या मागणीस ख्रिस्ती मनुष्याने कुरकूर म्हणू नये. ती उतारशाळेच्या मालकाची मागणी आहे. आणि रविवारी जिची पाळी असेल, किंवा शनिवारची रात्र जागून जी निजली असेल, तिच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवू नये. प्रभूने शब्बाथ दिवशी वाळलेला हात बरा केला. त्या दिवशी रोग्याचे तोंड पुसणारीचा हात काही देवाच्या घराबाहेर नाही. तिच्या सोयीच्या वारी दोघातिघांनी तिच्या घरी जाऊन प्रार्थना करावी, म्हणजे झाले.

हा शेवटचा उपदेश प्रथम आम्हांसच लागू होता. पुढल्या रविवारी आम्ही त्याच मंडळीपुढे उभे राहून आदल्या आठवड्याचे बोल चुकीचे होते असे सांगितले. त्या भगिनीची आधी परवानगी घेतली होती. ती त्या दिवशीही उपासनेस नव्हती. तिची दिवसपाळी होती. उपासनेनंतर सासूबाई आमच्याजवळ आल्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढे आम्ही त्या घरी गेलो तेव्हा आतल्या खोलीच्या खिडकीस जाड घोंगडी टांगलेली दिसली, आणि सासूबाई दारात बसून भाजीवाल्यास हात करून म्हणत होत्या, हळू बोल बाबा, आमची सिस्टर निजलीय.

त्या भगिनीचे सारे दुखणे गेले असे आम्ही लिहिणार नाही. असल्या गोष्टी उपदेशाने एका दिवसात जात नसतात. ती आता कधी उपासनेस येते, कधी येत नाही. इस्पितळाच्या फाटकापाशी एक कडुनिंब आहे; पाळी संपली की ती त्याच्याखाली थोडी थांबते, खाटांचे आकडे मनात म्हणते, त्या बाईचेही नाव घेते, आणि मग एस.टी.कडे जाते. मागच्या भेटीत आम्ही विचारिले, “ती बाई अजून येते का तुमच्याबरोबर?” ती म्हणाली, “येते, पाळकसाहेब, एखाद्या रात्री. पण आता बसून राहत नाही. मी तिला सांगते, माझी पाळी संपली. तुझ्याजवळ जो बसलाय त्याची संपत नाही.”

प्रभो, जे रात्री जागतात त्यांस दिवसा निजू दे. ज्यांच्या हातून कोणी वाचले आणि ज्यांच्या हातून कोणी गेले, त्या दोघींचेही हात तुझ्या हातांत घे. आमच्या घरांस उतारशाळा कर आणि आम्हांस चार्ज घेण्यास शिकीव. आमेन.